समुद्रावरच्या व्यापाऱ्यांबरोबर संस्कृती नेमकी कशी गेली?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्राचीन काळी जहाजांनी जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी धर्म, कला, लिपी, ज्योतिष दूरदेशी पोहोचवलं असं पुस्तकात वाचायला मिळतं. पण व्यापारी घर सोडतो तो दोन पैसे गाठीला बांधायला. त्याला प्रचार कशाला सुचेल? आणि विचार पसरलेच असतील, तर त्याची नेमकी रीत काय होती?

शंका रास्त आहे. ‘संपर्क आला आणि देवाणघेवाण झाली’ या ठरावीक वाक्याने तिचं समाधान होत नाही, कारण रोजच्या बाजारातही संपर्क येतो आणि त्यातून कुणाचा देव बदलत नाही. सातवाहन काळातली बंदरं आणि त्यांना जोडणाऱ्या घाटवाटांवरची खापरं तपासणं हे माझं आयुष्यभराचं काम. म्हणून मी उत्तर देते ते अरबी समुद्राच्या दोन काठांपुरतं, इसवी सनाच्या आगेमागे सुरू होणाऱ्या पाच-सहा शतकांचं. तिथला पुरावा माझ्या हाताखालून गेलेला आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. विचार पसरले ते प्रवासापेक्षा मुक्कामामुळे. जहाज चालत होतं तेव्हा माल हलत होता. जहाज बंदरात अडकून पडायचं तेव्हा माणसं एकमेकांची होत गेली.

अडकून पडणं हा त्या व्यापाराचा गाभाच होता. इजिप्तमधल्या बेरेनिके आणि मायोस होर्मोस या तांबड्या समुद्रावरच्या बंदरांतून जहाजं जुलैच्या सुमारास निघत, नैऋत्येचा वारा शिडात घेत आणि सप्टेंबरच्या आसपास भडोच, सोपारा, कल्याण, चौल किंवा खाली केरळातल्या मुझिरिसला लागत. परतायचं तर ईशान्येचा वारा हवा, आणि तो नोव्हेंबरनंतरच धरतो. म्हणजे निदान दोन-तीन महिने परक्या मुलखात काढायचे. जानेवारी हातची गेली की पुढच्या हंगामापर्यंत थांबायचं. इकडून तिकडे जाणाऱ्यांची कथा याहून अवघड. हिवाळ्याच्या वाऱ्याने ते तांबड्या समुद्रात पोहोचत आणि उन्हाळ्यातला परतीचा वारा सुटेपर्यंत वाळवंटाच्या काठावर बसून राहत. स्ट्रॅबो हा ग्रीक भूगोलकार सांगतो की त्याच्या काळी मायोस होर्मोसहून वर्षाला १२० जहाजं भारताकडे निघत. एवढ्या गलबतांवरचे खलाशी, दलाल, कारकून, पहारेकरी, सगळ्यांचा हिशेब केला तर दर वर्षी किती माणसं परक्या गावात हंगाम काढत असतील याची कल्पना येईल.

अशा माणसाला काय लागतं? डोक्यावर छप्पर लागतं, गोडं पाणी लागतं, ओळखीचं अन्न लागतं. उधार देणारा कुणी लागतो आणि वजनात खोट नाही याची खात्री लागते. आजारी पडलो तर विचारपूस करणारा लागतो. वादळातून वाचलो म्हणून कुणापुढे तरी हात जोडायचे असतात. यातली एकही गरज धर्मप्रचाराची नाही, पण या गरजा भागवता भागवता देवळं उभी राहतात, सावकारीचे नियम ठरतात आणि एकाची पूजा दुसरा शेजारून बघत राहतो.

मायोस होर्मोसला, म्हणजे आजच्या कुसैर अल-कदीमला, एक खापराचा तुकडा मिळाला आहे. त्यावर शाईने, ब्राह्मी लिपीत, प्राकृतात वाणसामानाची यादी लिहिली आहे. हालक, विण्हुदत आणि नाकद अशी नावं आहेत आणि त्यांच्या नावावर तेल, मांस वगैरे जिनसा आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातली ही यादी. नावं दख्खनच्या लेण्यांतल्या दात्यांच्या यादीत सहज खपून जातील अशी. कोणी पंडित तिथे ब्राह्मी शिकवायला गेला नव्हता. तिघांचा शिधा मोजून देणाऱ्याला हिशेब ठेवायचा होता, आणि त्यासाठी त्या बंदरात भारतीय लिपी लिहिणारा आणि वाचणारा माणूस होता. लिपीचा प्रवास असा होतो.

त्याच देशात, नाईल नदी आणि समुद्र यांच्यामधल्या वाळवंटी वाटेवर, एल-कनाइस येथे पॅन या ग्रीक देवाचं ठाणं होतं. तिथे ‘सोफोन, भारतीय’ अशा माणसाचा ग्रीक भाषेतला नवस कोरलेला आहे. सुभानु किंवा तत्सम नावाचा हा आपल्याकडचा माणूस असावा. रखरखत्या वाटेवरून सुखरूप गेलो तर त्या वाटेच्या रक्षकाला हात जोडायचे, मग तो आपल्या गावचा देव असो वा नसो. आपण आजही घाटात गाडी थांबवून अनोळखी देवीला नारळ वाढवतोच.

आता बेरेनिकेकडे येऊ, कारण अलीकडच्या काळातला सगळ्यात बोलका पुरावा तिथला आहे. १९९४ पासून तिथे उत्खनन चालू आहे. सेरापिस देवाच्या देवळाच्या आवारात भारतीय बनावटीच्या मोठ्या रांजणात साडेसात किलोहून अधिक काळी मिरी साठवलेली मिळाली. भारतातून गेलेल्या जहाजांचं सागवान तिथल्या इमारतींत पुन्हा वापरलेलं सापडलं. आणि २०२२ मध्ये इसिस या इजिप्शियन देवीच्या देवळाच्या प्रांगणात बुद्धाची संगमरवरी मूर्ती मिळाली, साधारण ७१ सेंटीमीटर उंचीची. डोक्यामागे सूर्यकिरणांची प्रभावळ, शेजारी कमळ. पण दगड भारतातला नाही, तो भूमध्य समुद्राकडचा आहे. म्हणजे मूर्ती जहाजातून नेलेली नाही. तिकडेच, तिकडच्या दगडात, बहुधा तिकडच्या कारागिराकडून घडवून घेतलेली आहे. त्याच देवळात संस्कृत शिलालेखही मिळाला, रोमन सम्राट फिलिपच्या कारकिर्दीतला, म्हणजे इ.स. २४४ ते २४९ मधला.

या मूर्तीजवळ जरा थांबायला हवं. कल्पना करा, कोणी भारतीय व्यापारी, अनेक हंगाम त्या बंदरात काढलेला, तिथल्या मूर्तिकाराकडे जातो. त्या मूर्तिकाराने ग्रीक-रोमन देव घडवलेले आहेत, बुद्ध पाहिलेला नाही. व्यापारी त्याला सांगतो, उभा पुरुष, अंगावर वस्त्र, डावा हात असा, केस असे. पैसे मोजतो. मूर्ती तयार होते आणि इजिप्शियन देवीच्या प्रांगणात उभी राहते, पुजाऱ्यांच्या संमतीने. विचार पोहोचण्याची रीत म्हणतात ती ही. एक देणगीदार, एक कारागीर आणि जागा देणारं एक देऊळ. ग्रंथ नाही, वादविवाद नाही. याची दुसरी बाजूही आहे. जुन्या रोमन रस्ते-नकाशाच्या प्रतीत मुझिरिसजवळ ऑगस्टसचं देऊळ दाखवलेलं आहे. म्हणजे केरळच्या किनाऱ्यावर रोमन सम्राटाचं देऊळ आणि इजिप्तच्या किनाऱ्यावर बुद्ध. दोन्हीकडे मुक्कामाला असलेल्या लोकांनी आपापली सोय करून घेतली.

वाटेत सोकोत्रा बेट लागतं. पहिल्या शतकातला एक ग्रीक व्यापारी, ज्याचं ‘पेरिप्लस’ हे जलमार्गाचं टिपण आपल्याला मिळालं आहे, तो लिहितो की या बेटावर अरब, भारतीय आणि ग्रीक असे व्यापारासाठी येऊन राहिलेले लोक आहेत. २००० साली बेल्जियन संशोधकांनी तिथल्या होक नावाच्या गुहेत खोलवर दोनशेहून अधिक लेख आणि चित्रं शोधली. बहुतेक ब्राह्मीत आहेत. भरुकच्छ, म्हणजे भडोच, आणि सौराष्ट्रातल्या हस्तकवप्र या गावांची नावं त्यांत आहेत. स्तूप आणि जहाजं रेखाटलेली आहेत. आणि त्याच गुहेत सीरियातल्या पाल्मिरा या शहराच्या लिपीतली एक लाकडी पाटी, इ.स. २५८ ची. अंधाऱ्या गुहेत मशाली घेऊन आत जायचं, आपलं नाव लिहायचं, आणि शेजारी सीरियाच्या वाळवंटातून आलेल्या माणसाने आपल्या देवासाठी पाटी ठेवलेली. एकमेकांचं पवित्र ठिकाण दोघांनी आपलं मानलं, त्यासाठी एकमेकांचा धर्म समजून घेण्याची गरज पडली नाही.

आपल्या बाजूला हीच गोष्ट लेण्यांत घडली. सोपारा आणि कल्याणहून माल देशावर न्यायचा तर सह्याद्री चढावा लागतो. नाणेघाट, बोरघाट, थळघाट. या वाटांच्या तोंडाशी किंवा माथ्यावर जुन्नर, कार्ले, भाजे, नाशिक इथली लेणी आहेत. कान्हेरी तर बंदरांच्या ऐन मध्ये, शंभराहून अधिक लेणी आणि खडकात खोदलेल्या टाक्यांची शिस्तशीर व्यवस्था असलेली. लेणी एकांतासाठी डोंगरात खोदली असं शाळेत सांगतात. एकांत हवा होता तर सह्याद्रीत दुसरी जागा कमी नव्हती. ती व्यापारी वाटेवर आहेत, कारण दाते त्या वाटेने जात होते.

दाते कोण होते ते भिंतींवर लिहिलेलं आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर छोटे छोटे लेख आहेत. त्यातला एक: ‘धेनुकाकटा यवनस सिहधयान थभो दानं’. धेनुकाकटच्या सिहधय नावाच्या यवनाने दिलेला खांब. यवन म्हणजे पश्चिमेकडून आलेला परका, आणि नाव मात्र पार इकडचं. त्याच लेण्यात वेजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीचा, शेठ भूतपाल सांगतो की हे शैलगृह मी पुरं केलं आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने दोन पाण्याची टाकी दिली आहेत. ही देणगी मला फार महत्त्वाची वाटते. मूर्ती नाही, सोनं नाही, पाण्याची टाकी. घाट चढून आलेल्या, घसा कोरडा पडलेल्या माणसाला काय हवं असतं ते इरिलला अनुभवाने माहीत असणार.

एवढ्या खर्चाच्या देणग्या परक्या व्यापाऱ्याने का द्याव्यात? श्रद्धा होतीच, ती नाकारण्याचं कारण नाही. पण देणगीमुळे परक्या माणसाला पतही मिळते. खांबावर नाव कोरलं गेलं की तो पेठेतला माणूस होतो. आणि लेण्यांचा पैसा नुसता पडून राहत नव्हता. नाशिकच्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींत, म्हणजे व्यावसायिक संघांत, तीन हजार कार्षापण (त्या काळची चांदीची नाणी) कायम ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर महिना शेकडा एक आणि एक हजारावर महिना शेकडा पाऊण असं व्याज. दोन हजारांचं वर्षाचं व्याज होतं २४०, आणि लेख सांगतो की वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण द्यावेत. हिशेब पैशाला पैसा जुळतो. हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगरातल्या व्यापाऱ्यांच्या सभेत, वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला असंही तो सांगतो. मूळ शक घराण्यातला हा माणूस, ब्राह्मणांना गाई देतो, भिक्षूंना लेणं देतो, आणि इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा, डाहाणुका या नद्यांवर फुकट होड्यांची सोय करतो. पश्चिम किनाऱ्यावर उतरलेल्या व्यापाऱ्याला नदी ओलांडून देणारी ती नाव उषवदाताची असायची. राज्यकर्ता, संघ, श्रेणी आणि व्यापारी एकमेकांत असे गुंतलेले होते, आणि बौद्ध विचार या गुंत्यातून वाट काढत पुढे गेला.

‘पण ब्राह्मण धर्माने समुद्रप्रवास निषिद्ध मानला होता ना?’ हे हमखास विचारलं जातं. बौधायनाच्या धर्मसूत्रात समुद्रप्रवासाने माणूस पतित होतो असं आहे, हे खरं. पण नियम लिहिला गेला म्हणून सगळे किनाऱ्यावर थांबले असं नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला फाहियान हा चिनी भिक्षू श्रीलंकेतून व्यापारी जहाजाने मायदेशी निघाला. जहाजावर दोनशेच्या वर माणसं. वादळ आलं, जहाजाला गळती लागली, व्यापारी जड माल समुद्रात फेकू लागले. फाहियानने आपली भांडीकुंडी स्वतःच फेकली, पण त्याला धास्ती होती की हे लोक माझी पुस्तकं आणि मूर्ती फेकतील. जावाच्या बाजूला पोहोचून तो दुसऱ्या जहाजात बसला, तिथे पुन्हा वादळ. तेव्हा जहाजावरचे ब्राह्मण म्हणाले, या भिक्षूमुळेच संकट आलं, याला एखाद्या बेटावर उतरवून द्या. त्याच्या पाठीराख्याने ठाम विरोध केला म्हणून तो वाचला. सूत्र काहीही सांगो, ब्राह्मण जहाजावर होते. आणि बौद्ध ग्रंथांची एक मोठी ठेव चीनला पोहोचली ती व्यापाऱ्यांच्या मालाशेजारी, त्यांच्या मर्जीवर.

जहाजावर विचार कसे बोलले जात याचं सगळ्यात सुंदर चित्र आपल्या सोपाऱ्याच्या कथेत आहे. ‘दिव्यावदान’ या संस्कृत बौद्ध कथासंग्रहात पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा येते. दासीपुत्र, सहा वेळा समुद्र सुखरूप ओलांडलेला, म्हणून शूर्पारकात, म्हणजे सोपाऱ्यात, त्याचा शब्द मोठा. श्रावस्तीचे व्यापारी त्याला गळ घालून सातव्या सफरीला नेतात. समुद्रावर ते रोज पहाटे मोठ्याने गाथा म्हणतात. पूर्ण म्हणतो, तुमची गाणी छान आहेत. ते म्हणतात, ही गाणी नव्हेत, बुद्धाची वचनं आहेत. हे नावच त्याने पहिल्यांदा ऐकलेलं असतं. अंगावर काटा येतो, आणि परत आल्यावर तो दीक्षा घेतो. कथा आहे, इतिहास म्हणून ती घेऊ नये. पण ती रचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना ही गोष्ट पटण्यासारखी वाटत होती, हे महत्त्वाचं. लांबचा प्रवास, करायला काही नाही, पहाटेची वेळ, आणि शेजारचा माणूस काहीतरी गुणगुणतोय. सोपारा हे नुसतं कथेतलं गाव नाही, हेही सांगायला हवं. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप खोदला आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा उजेडात आणला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला मिळाला.

वस्तू पोहोचली म्हणजे विचार पोहोचला असं मात्र नाही, आणि इथे आमच्याच क्षेत्रात बरीच गल्लत झालेली आहे. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५ च्या सुमारास पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती मिळाली. ती भूमध्य समुद्राकडून आलेली आहे यात शंका नाही. पण त्यामुळे पंचगंगेच्या काठी कोणी पोसायडनची पूजा करू लागलं याचा काडीचाही पुरावा नाही. कुणा धनिकाच्या घरात ती शोभेची वस्तू असावी. तसंच पॉम्पेईचं. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या गावात १९३८ साली भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी जुळणाऱ्या हस्तिदंती मूर्ती आपल्या मराठवाड्यातल्या तेरला आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. इटलीतल्या ज्या घरात ती होती त्या घरातल्या माणसांना ती यक्षी की लक्ष्मी याच्याशी देणंघेणं असण्याचं कारण नव्हतं.

तेरला याउलट वेगळंच दिसतं. तिथे रोमन नाण्यांची नक्कल केलेली मातीची पदकं मिळतात. सम्राटाचं डोकं आहे, कडेचा लेख आहे, पण तो लेख वाचता येत नाही, नुसत्या रेघा. वर दोरा ओवायला भोक. सोन्याचं नाणं परवडत नाही अशा माणसाने ते गळ्यात घालायचं. रोमन साम्राज्य तिकडे, आणि इथे त्याच्या चलनाचा झाला दागिना. सम्राटाचं राजेपण वाटेत गळून पडलं आणि चकाकणारं, भाग्याचं असं काहीतरी उरलं. त्याच तेरला पांढऱ्या मातीच्या, दोन साच्यांतून काढलेल्या पोकळ मूर्ती मिळतात. दोन साच्यांचं तंत्र पश्चिमेकडच्या नमुन्यांवरून आलं असं मानलं जातं, पण मूर्ती कुणाच्या? आपल्याच बायका, आपलीच मुलं, आपलेच दागिने. कारागिराने हुन्नर घेतला आणि विषय स्वतःचा ठेवला.

खापरांकडे बघताना किती जपावं लागतं याचं एक उदाहरण देते. आपल्या किनाऱ्यावर मिळणारे जाड, लांबट कुंभांचे तुकडे पूर्वी सरसकट रोमन दारूच्या कुंभांचे म्हणून नोंदले जात. तुकडा हातात घेऊन ताजी कड काढली आणि भिंगाखाली धरली की गोष्ट कळते. इटलीच्या नेपल्सकडच्या कुंभाच्या मातीत ज्वालामुखीचे बारीक काळे, चकाकणारे कण दिसतात, काळी वाळू मिसळल्यासारखे. दुसऱ्या प्रकारच्या तुकड्यात ते नसतात, पण आतल्या बाजूला डांबराचा काळा थर असतो. हे कुंभ मेसोपोटेमिया-इराणकडचे. गेल्या काही दशकांत फेरतपासणी झाली तेव्हा ‘रोमन’ म्हणून ठेवलेले बरेच तुकडे या दुसऱ्या प्रकारचे निघाले. म्हणजे इराणी आखाताकडचा व्यापार आपण रोमच्या खात्यात जमा करत होतो. त्यामुळे विचारांचा नकाशाही चुकत होता. सहाव्या शतकातला कॉस्मस हा प्रवासी लिहितो की कल्याणला पर्शियातून नेमलेला ख्रिस्ती बिशप आहे. डांबर लावलेल्या कुंभांच्या शेजारी हे वाक्य ठेवलं की ते अचानक उपरं वाटेनासं होतं. माल ज्या दिशेने येत होता त्याच दिशेने धर्मगुरूही आला.

मग खरोखर रुजलं काय? माझ्या मते, पश्चिमेकडून समुद्रावरून आलेली आणि आजही आपल्या घराघरात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सात वारांचा आठवडा. सातवाहनांचे लेख बघा. त्यात तारीख असते ती ऋतूचा कितवा पक्ष आणि कितवा दिवस अशी. ग्रीष्माचा दुसरा पक्ष, दिवस पहिला. वार कुठेच नाही. वाराचा उल्लेख असलेला पहिला स्पष्ट लेख मध्य प्रदेशातल्या एरणच्या स्तंभावरचा, बुधगुप्त या गुप्त राजाच्या काळातला, इ.स. ४८४ चा, आणि तो वार गुरुवार आहे. मधल्या काळात ग्रीक-इजिप्शियन जगातलं फलज्योतिष संस्कृतात उतरलं. ‘यवनजातक’ हा स्फुजिध्वजाचा ग्रंथ त्याचा ठळक पुरावा.

वारांचा क्रम असाच का, याचं गणितही तिकडचंच. ग्रह त्यांच्या गतीने मांडायचे, सगळ्यात मंद आधी: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या प्रत्येक तासाला एकेक ग्रह द्यायचा. शनिवारचा पहिला तास शनीचा धरला तर चोवीस तास मोजून झाल्यावर पुढच्या दिवसाचा पहिला तास रवीचा येतो, त्याच्या पुढच्या दिवसाचा चंद्राचा, मग मंगळाचा. रविवार, सोमवार, मंगळवार. आजच्या पंचांगात होऱ्यांचं कोष्टक असतं ते हेच. हे इतकं रुजलं, कारण ते इथल्या गरजेला लागू पडलं. आपल्याकडे तिथी होती, नक्षत्र होतं, मुहूर्ताची ओढ होती. त्यात वार चपखल बसला. पोसायडनला बसायला जागाच नव्हती.

याहून जुनी एक देवाणघेवाण ताटात आहे. ज्वारी, बाजरी आणि नाचणी ही तिन्ही धान्यं मूळची आफ्रिकेतली. इ.स.पूर्व २००० च्या आसपास आणि त्यानंतर ती भारतात दिसू लागतात, आणि बहुतेक अभ्यासक त्यांचा मार्ग अरबस्तानच्या किनाऱ्याकिनाऱ्याने लावतात. त्या व्यापाऱ्यांची नावं कुठल्याच खांबावर नाहीत, कदाचित ते मोठे व्यापारी नव्हतेच, मच्छीमार आणि छोटे होडीवाले होते. पण महाराष्ट्राची भाकरी त्यांनी आणली.

या नाव नसलेल्या लोकांबद्दल मला आग्रहाने बोलायचं आहे, कारण संस्कृतीचा प्रसार म्हटलं की शेठ आणि भिक्षूच डोळ्यांपुढे येतात. पेरिप्लसचा लेखक लिहितो की भडोचच्या खाडीत शिरणं फार धोक्याचं, म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक मच्छीमार मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे येतात आणि जहाजांना वाट दाखवत आत आणतात. ते नसते तर गलबत चिखलात रुतलं असतं आणि पुढचं काहीच घडलं नसतं. तोच लेखक भडोचच्या राजासाठी आणल्या जाणाऱ्या मालाची यादी देतो: चांदीची भांडी, उंची दारू, भारी कपडे, गाणारी मुलं आणि अंतःपुरासाठी सुंदर मुली. मालाच्या यादीत माणसं आहेत. त्या मुलांनी इथे कुठल्या भाषेत गाणी म्हटली असतील, त्या मुलींनी आपल्या लेकरांना झोपवताना काय सांगितलं असेल? संस्कृती त्यांच्याबरोबरही आली, फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं. देवाणघेवाण हा शब्द आपण फार गोड करून वापरतो.

पूर्वेकडच्या समुद्राबद्दल थोडक्यातच सांगते, तो माझ्या कामाचा प्रदेश नाही. तिथेही घेणाऱ्याची निवड ठळक दिसते. बोर्निओत कुताईला मूलवर्मन राजाचे इ.स. ४०० च्या सुमाराचे संस्कृत यूपलेख, म्हणजे यज्ञाच्या खांबांवरचे लेख, मिळाले आहेत. राजा तिथलाच, त्याच्या आजोबाचं नाव कुडुंग, अस्सल स्थानिक. नातवाने संस्कृत नाव घेतलं, ब्राह्मणांना दानं दिली. कोणी आरमार घेऊन त्याच्यावर हे लादलं नव्हतं. त्याला आसपासच्या सरदारांपेक्षा वरचढ दिसायचं होतं आणि व्यापारी जहाजांवरून आलेल्या ब्राह्मणांकडे त्यासाठी तयार विधी होते. म्हणून ‘आपण त्यांना संस्कृती दिली’ किंवा ‘ग्रीकांनी आपल्याला शिकवलं’ या दोन्ही भाषा मला चुकीच्या वाटतात. देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याकडे बघावं. त्याने काय उचललं, काय बदललं, कशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर सुरुवात कार्ल्यापासून करा. चैत्यगृहात गेल्यावर मूर्तींआधी खांब बघा, सोबत चांगली विजेरी ठेवा. तिरका उजेड टाकला की लेख उठून दिसतात. कान्हेरीला ९० क्रमांकाच्या लेण्यात अवलोकितेश्वर या संकटात धावून येणाऱ्या बोधिसत्त्वाचं शिल्प आहे, भोवती संकटात सापडलेले भक्त, आणि त्यांत बुडणाऱ्या नावेतली माणसंही आहेत. त्याच लेण्यात अकराव्या शतकाच्या सुरुवातीला येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावं कोरलेली आहेत. पोसायडन कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे, सोपाऱ्याचा अशोकलेख मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि मातीची ती नाणी तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात. तेरला नक्की जा, तिथे गर्दी नसते आणि वस्तू निवांत बघता येतात.